बोटीला बोट लावायचं नाही

सुनंदा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माइक चांगला होता, ही माझी पहिली तक्रार. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या हॉलमधला माइक एरवी इतका खरखरतो की लग्नात नवऱ्याचं नाव कळत नाही. नेमका त्या दिवशी तो स्वच्छ वाजला. त्रिशरण-पंचशील झालं. तुझ्या फोटोसमोरच्या मेणबत्त्या पंख्याच्या वाऱ्यानं विझत होत्या आणि तुझा भाऊ त्या पुन्हा पुन्हा लावत होता. पंखा बंद करावा हे कुणालाच सुचलं नाही. मग एकेक जण बोलायला उठला. शोकसभेत माणसं गेलेल्याबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलतात, हा आपला जुना निष्कर्ष. त्यात दुरुस्ती करावी असं काही आढळलं नाही.

मग साहेब उठले. आपल्या लॅबचे मालक म्हणून त्यांना शेवटचा मान होता. सफारीची बटणं सारखी करून म्हणाले, "मोरे मॅडम म्हणजे आमच्या लॅबचा कणा. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकच चूक झाली. एकदा, फक्त एकदा, मॅडमचं बोट लागलं! आणि ती चूकसुद्धा त्यांनी स्वतः येऊन कबूल केली. असा प्रामाणिकपणा आता कुठं?"

लोक मायेनं हसले. ते वाईट मनानं बोलले नाहीत, हे मला मान्य आहे. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत तुझी मेघना बसली होती. तीही हसली, आणि मग मागे वळून तिनं माझ्याकडे पाहिलं.

बाहेर चपला शोधत होतो तेव्हा ती आली. "भोईरकाका, आईचं खरंच बोट लागलं होतं?"

उल्हासनगरच्या कॉलेजात केमिस्ट्री करतेय ती. प्रश्न तिनं अगदी तुझ्यासारखा विचारला. आवाज खाली, नजर वर. मी म्हटलं, "सांगतो. दोन-चार दिवस दे." ती म्हणाली, "हो किंवा नाही एवढंच तर आहे." मी म्हटलं, "एवढंच असतं तर आत्ता सांगितलं असतं." कारण तू मला शब्दात बांधून ठेवलं होतंस, आणि तो शब्द सोडवून न घेताच तू निघून गेलीस. ताप अंगावर काढलास, दवाखान्यात जायला लावलं तेव्हा 'दोन दिवसांत येते' म्हणालीस. तुझ्या अंदाजांवर मी कधी शंका घेतली नव्हती. हा पहिलाच चुकला.

आपलं काम काय होतं हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. तू कंटाळशील, पण ऐक. धातूत मीठ असतं हे लोकांना पटत नाही. टायटॅनियमचं पावडर घ्या. ज्या क्षारातून तो धातू काढतात, त्याचा थोडासा अंश त्याच्या पोटात उरतो. पुढं ते पावडर दाबून, निर्वात भट्टीत भाजून औषध कारखान्यांसाठी गाळण्या करतात, तेव्हा तो क्लोराइड बाहेर येतो आणि भट्टी खायला लागतो. म्हणून आधी मोजायचा. पावडर तोलून चिनीमातीच्या एका इवल्याशा भांड्यात घ्यायचं. भांडं होडीसारखं असतं, म्हणून त्याला बोट म्हणतात. ती बोट लालभडक तापलेल्या नळीत सरकवायची, वरून वाफ सोडायची. वाफेबरोबर क्लोराइड निघून येतो, तो पाण्यात पकडायचा आणि ते पाणी क्रोमॅटोग्राफला द्यायचं. क्रोमॅटोग्राफ म्हणजे शेवटी एक घट्ट भरलेली नळी. तिच्यातून जाताना प्रत्येक जण आपापल्या चालीनं चालतो. फ्लोराइड पुढं, मागोमाग क्लोराइड, सल्फेट रेंगाळत. "जत्रेतून घरी परतणारी माणसं," असं तू म्हणायचीस. जो जितका जास्त, त्याची पडद्यावर तितकी उंच टेकडी.

आणि माणसाच्या बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं. बोटीला एकदा बोट लागलं की पडद्यावर धातूतलं मीठ कुठलं आणि माणसातलं कुठलं ते सांगता येत नाही. म्हणून लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरा-पोरीला तुझं पहिलं वाक्य ठरलेलं: "बोटीला बोट लावायचं नाही." मला तर तू खास वागवलंस. "तू आगरी, भोईर. तुझ्या आजोळी मिठागर. तू चिमटासुद्धा लांबूनच धर." पाण्याची ब्लँक, म्हणजे पावडर न घालता घेतलेली कोरी चाचणी, जास्त आली की म्हणायचीस, "तुमच्या जांभूळचं पाणी!" जणू आमच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात माझे वडील उभे राहून चिमूटचिमूट मीठ टाकत होते. मी म्हणायचो, तुझ्या अंबरनाथच्या हवेत ॲसिड आहे ते आधी बघ. त्यावर खिडकी उघडून खोल श्वास घ्यायचीस आणि गंभीरपणे सांगायचीस, "आज वारा पूर्वेचा आहे."

तुझा पहिला दिवस मला आठवतो. हजेरीवर सही करताना अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं होतं, "मोरे म्हणजे कुठले मोरे?" हा प्रश्न कशासाठी असतो हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही कळतं. तू म्हणालीस, "अंबरनाथ पश्चिमचे. शिवाजी चौकातून आत." बाईंनी मान हलवली. त्या उत्तरावर मी तेव्हाच भाळलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही. तसं म्हणजे तसं नाही. तू समजशील.

त्या 'चुकी'च्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट मेघनाला सांगायची की नाही, हा माझ्यापुढचा पेच आहे.

साहेबांच्या आई, ज्यांना आपण सगळे काकी म्हणतो, दरवर्षी यंत्रांच्या पूजेला स्वतः यायच्या. पांढरेशुभ्र केस, हातात परडी. क्रोमॅटोग्राफला हळद-कुंकू, झेंडूचा हार, मग दारात नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी वाटीत धरून आंब्याच्या डहाळीनं सगळ्यांवर शिंपडायचं. यंत्रांवर, माणसांवर, फॅक्सवरसुद्धा. तू त्या वेळी बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी राहायचीस. रागानं नाही, बाणेदारपणानंही नाही. पाऊस पडताना माणूस वळचणीला थांबतो तशी. पूजा झाली की आत येऊन यंत्र सुरू करायचीस.

पहिल्या वर्षी काकींनी बायकांना कुंकू लावताना तुझ्यापाशी येऊन हात थांबवला होता. कुणीतरी त्यांच्या कानात काही सांगितलं असावं. तो हात हवेत राहिला, आणि मग तुझा चेहरा कसा झाला हे मी पाहिलं. पुढच्या वर्षी त्या तुझ्यासाठी गुलाबाचं फूल घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी म्हटलं, हे सभ्य अंतर आहे. तू म्हणालीस, "अंतर असेल. पण म्हातारी बाई आठवणीनं फूल आणते, त्याचं काय करू? फेकू?" एका रिकाम्या बाटलीत पाणी घालून तू ते ठेवायचीस, डिस्टिल्ड पाण्यात. आपला वाद तिथंच अडकून राहिला.

तर त्या वर्षी साहेबांनी कॅलेंडरसाठी फोटोग्राफर बोलावला होता. त्याला सगळं उघडं, चकचकीत हवं होतं. मीठाचा अंशही उरू नये म्हणून तू भाजून, थंड करून काचेच्या बंद भांड्यात ठेवलेल्या बोटी त्याला फार आवडल्या. साहेब म्हणाले, "झाकण काढा, शोभून दिसतील." झाकण निघालं. फोटो निघाला. काकी आल्या, नारळ फुटला, डहाळी फिरली. मी तिथंच होतो. माझ्याही चष्म्यावर थेंब होते. देवाची कृपा सगळ्या बोटींवर सारखी पडली नाही. काहींवर पडली, काही कोरड्या राहिल्या. मग कुणीतरी झाकण परत लावलं. तू आत आलीस तोवर थेंब वाळून गेले होते.

दसऱ्यानंतर लाइट असेल तशी कामं सुरू झाली. लोडशेडिंगमुळे भट्टी तापायची आणि निम्म्यात विझायची, ते दिवस आठवतात ना? लालचंदभाईंचं पावडर आलं होतं. बदलापूरला त्यांचा गाळण्यांचा कारखाना, राहायला उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये. तू नेहमीसारखी आधी ब्लँक घेतलीस, ती स्वच्छ आली. मग त्यांचं पावडर घातलंस, क्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर. पुन्हा घेतलंस, पुन्हा वर. रिपोर्ट गेला, तो बघून त्यांच्या गिऱ्हाइकानं माल परत पाठवला. लालचंदभाई रिक्षातून उतरले ते ओरडतच.

"मॅडम, मेरा पावडर खारा कैसा? मी काय समुद्रात धुऊन आणला काय?"

"बसा, लालचंदभाई. चहा घ्या."

"चहात पण साखर घालू नका, तुम्ही मीठ घालाल!"

तू हसली नाहीस. "पुन्हा करते," एवढंच म्हणालीस. त्या दिवशी तू बोटी नव्यानं भाजल्यास. पावडर स्वच्छ निघालं. मग त्या काचेच्या भांड्यातल्या उरलेल्या बोटी एकेक करून रिकाम्याच भट्टीत घातल्यास. एक कोरी, एक टेकडी. एक कोरी, दोन टेकड्या. मग मला विचारलंस, "भोईर, पूजेच्या वेळी इथं काय काय झालं? सगळं सांग. गाळू नको."

मी सांगितलं. तू मला स्टेशनजवळून नारळ आणायला पाठवलंस. त्याच्या पाण्याचा एक थेंब एका ताज्या बोटीत टाकलास. पडद्यावर जी टेकडी उभी राहिली ती पडद्यात मावेना. वर निघून गेली. मी म्हटलं, "मलंगगड!" आणि हसत सुटलो. इतकी वर्षं आपण हवा, पाणी, घाम यांच्यावर संशय घेत होतो, आणि शेवटी सापडला तो नारळ.

"हसू नको," तू म्हणालीस.

मला वाटलं होतं तुला आनंद होईल. दोष पावडरचा नव्हता, तुझाही नव्हता. कारण हातात होतं, सिद्ध झालेलं होतं. मी म्हटलं, चल, साहेबांना दाखवू. तू खुर्चीतून उठली नाहीस. मग आपण भांडलो. त्या भांडणाचा एकेक शब्द माझ्याकडे आहे. तू गेल्यापासून मी तो उलटसुलट करून पाहतोय.

"नारळ होता असं सांगायचं. त्यात काय?"

"तुला परवडतं, भोईर. तू नारळ म्हणालास तर तो नारळच राहतो. मी म्हटलं की त्याचा धर्म होतो."

"पडद्यावर दिसतंय सगळं."

"पडदा कोण बघणार? ते मला बघतील. म्हणतील, पूजेला बाहेर उभी राहते, आता पूजेनंच घाण केली म्हणते."

"मग मी सांगतो. मी तर आत होतो."

"तू सांगितलंस तर म्हणतील, मोरेनं भोईरला पुढं केलं. आणि तू काय फक्त नारळाचं सांगशील होय? अंधश्रद्धेवर पाऊण तास बोलशील. तुला काकींशी भांडायचंच नाही. तुला देवाशी भांडायचंय. त्यासाठी माझा नारळ कशाला?"

हे मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. मी चिडून म्हटलं, "म्हणजे तू घाबरलीस." तू म्हणालीस, "त्या म्हातारीला कळलं ना, की तिच्या हातानं कुणाचा माल परत गेला, तर ती पुन्हा या खोलीत पाऊल ठेवणार नाही." मी म्हटलं, "भीतीला माया म्हणू नको." तू म्हणालीस, "आणि तू मायेला भीती म्हणू नको." मग मला शब्द द्यायला लावलास की मी कुणाला सांगणार नाही, आणि केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगितलंस: "माझंच बोट लागलं असेल."

लॅबमधली एकच व्यक्ती, जिचं बोट लागणं शक्य नव्हतं, तिनं ते सांगितलं. आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. याचं मला आजही आश्चर्य वाटतं. कुणीही म्हणालं नाही, 'मॅडमचं? छे.' साहेबांनी दुरुस्त रिपोर्ट पाठवला, दिलगिरीचं पत्र जोडलं. लालचंदभाईंनी जाताना तुझा हात लांबूनच न्याहाळत विचारलं, "मॅडम, आपकी उंगली इतनी नमकीन?" तेव्हा मात्र तू हसलीस. मला ते हसणं आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.

त्यानंतर नियम आला: मोरे मॅडमच्या क्लोराइडच्या प्रत्येक रिपोर्टवर भोईरांची दुसरी सही. माझ्यापेक्षा तुझा हात स्थिर, तुझी नजर बारीक, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तू रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहायचीस आणि मी न वाचता सही करायचो, आणि तू म्हणायचीस, "वाच." "काय वाचू?" "वाच रे. सही करतोयस." वर्षं गेली तशी ती सवय झाली. नवीन आलेल्यांना वाटायचं, मी तुझा वरिष्ठ. एका मुलानं तर मला विचारलं होतं की मॅडमना स्वतंत्र सहीचा अधिकार का नाही, आणि मी उत्तर देण्याआधी तूच म्हणालीस, "माझं एकदा बोट लागलं होतं." इतक्या सहज! चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की हे खोटं आता तुझ्यापेक्षा जास्त जगेल. आणि तसंच झालं. परवा ते माइकवरून बोललं गेलं, स्तुती म्हणून.

भीती की माया? हा वाद आपण पुरा करायचा होता. निवृत्त झाल्यावर बारवीच्या धरणावर बसून करू, असं तू म्हणाली होतीस, भजी घेऊन. मला अजून वाटतं, आधी भीती होती आणि तिच्यावर तू माया पांघरलीस. कधी वाटतं, उलट असेल. त्या गुलाबांचा हिशेब मला लागत नाही. तू दोन्ही एकाच नळीतून सोडलंस आणि वेगळं करायला मला काही ठेवलं नाहीस. आणि तू बरोबर होतीस, हेही म्हणवत नाही. त्या दिवशी एकदा खोली हादरली असती, काकी रडल्या असत्या, साहेबांनी तुझ्याकडे आठवडाभर वाकडं बघितलं असतं. पण पुढची सगळी वर्षं तुला माझ्या टेबलापाशी उभं राहावं लागलं नसतं. हे मी तुला समोर कधी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं असंही नाही. तू ऐकलं नसतंस.

काल मेघना माझ्याकडे आली. मी शब्द पाळायचा की मोडायचा याचा निकाल तिनं माझ्यासाठी ठेवलाच नाही. बसायच्या आधी म्हणाली, "आई घरीसुद्धा असंच सांगायची. मी प्रॅक्टिकलला काही सांडलं की म्हणायची, माझंही एकदा बोट लागलं होतं, घाबरू नको. मला ते फार आवडायचं, काका. माझी आई पण चुकते म्हणून."

आता सांग, यावर मी काय करायचं? तुझं ते खोटं तिला धीर देत होतं. ते काढून घ्यायचं?

मी काढून घेतलं. सगळं सांगितलं. झाकण, डहाळी, मलंगगड, दुसरी सही.  शेवटी मेघना म्हणाली, "म्हणजे ती चुकलीच नव्हती."

"नाही."

"मग मला तरी खरं का नाही सांगितलं?"

 मी म्हटलं, कदाचित तुला शिकायला सोपं जावं म्हणून. ती म्हणाली, "नाही. मी कॉलेजात रागाच्या भरात कुणाला तरी सांगितलं असतं म्हणून." आणि मग रडली, पहिल्यांदाच, हॉलमध्ये रडली नव्हती. माझी बायको पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. जाताना मेघना म्हणाली, "लिहा हे. साहेब माइकवर बोलले, तुम्ही कागदावर बोला." मी विचारलं, "काकींचं नाव येईल त्यात. तुझ्या आईला ते नको होतं." ती म्हणाली, "आईनं त्यांच्यासाठी एवढं केलं, ते त्यांना कळू तरी दे."

काकी अजून आहेत. ऐकू कमी येतं, डोळे चांगले आहेत. तुझ्या कार्यक्रमाला त्यांना आणलं नव्हतं. तू गेल्याचं सांगितलं तेव्हा जेवल्या नाहीत असं ऐकलं. हे छापायला देण्याआधी मी त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे. साहेब वाचून दाखवतील तर मधली पानं गाळतील, म्हणून स्वतः नेणार, त्यांच्या हातात देणार आणि त्या वाचून होईपर्यंत समोर बसणार. त्या काय म्हणतील मला माहीत नाही. कदाचित तुझा अंदाज खरा ठरेल आणि एका म्हाताऱ्या बाईचं शेवटचं समाधान मी मोडेन. कदाचित त्या म्हणतील, एवढंच ना, मग तेव्हाच का नाही सांगितलं पोरीनं.

तू असतीस तर मला त्यांच्या दारातच अडवलं असतंस, कागद हातातून काढून घेतले असतेस आणि आपण रस्त्यावर उभे राहून पुन्हा पहिल्यापासून भांडलो असतो. मी घरातून निघताना आज दोनदा थांबलो, कुणी हाक मारतंय का बघायला. कुणी मारली नाही. मी चाललोय.